जुन्या जीपला पुढे डिस्क ब्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९६८ ची महिंद्रा सीजे-३बी आहे. तिला पुढे डिस्क बसवून सहा पावसाळे झाले. तेव्हापासून पेट्रोल पंपावर, लग्नाच्या पंगतीत, सप्तशृंगीच्या पायथ्याशी नांदुरीत चहा पिताना तेच ते प्रश्न येतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर रात्री साडेअकरालाही. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. नाशिकच्या सातपूरमधल्या टूलरूममध्ये आयुष्य गेल्यामुळे काही ठिकाणी मी मिलिमीटरवर येतो, तेवढं सांभाळून घ्या.

इथलं सगळं पुढे-मागे ९ इंची ड्रम, पाटे आणि बंद नकलचा (चाक वळवणारा सांधा गोळ्यात झाकलेला) पुढचा एक्सल असलेल्या जुन्या जीपबद्दल आहे. इतर गाड्यांसाठी प्रश्न २२ पाहा.

१. डिस्कने नक्की फरक काय पडतो?

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, आतून शू त्याला दाबून अडवतात; शूवरचा घासणारा थर म्हणजे लायनर. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरतो. फरक दोन ठिकाणी पडतो, उतारावर आणि पाण्यात.

ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. जितका जास्त तापेल तितकं पेडल खाली जातं. वरून लायनर तापून गुळगुळीत होतो आणि पकड सोडतो. नाशिक-पेठ रस्त्यावरचा सावळघाट एकदा मी भरल्या गाडीने उतरलो. अर्ध्यावर जळका वास आला, तिसऱ्या वळणाला पेडल फळीला टेकलं, आणि पुढचा सगळा घाट दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेकवर हात ठेवून काढला. खाली थांबलो तेव्हा भुरभुर पावसाचे थेंब ड्रमवर पडून चुर्र आवाज करत होते. डिस्क उघडी असते, तिला वारा लागतो, आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते.

पाण्याचंही तसंच. आषाढात त्र्यंबक, इगतपुरीकडे ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी साचतं आणि पुढचे दोन-चार ब्रेक नुसते नावाला लागतात. डिस्क पाणी बाहेर फेकते, उरलेलं पॅड पुसून काढतो. आपल्या काळ्या मातीचा चिखल ड्रममध्ये गेला तर तिथेच वाळून बसतो. डिस्कला तो त्रास नाही, पण कचकच वाळूत पॅड लवकर झिजतात हेही खरं.

२. मग जीप कारसारखी जागच्या जागी थांबेल ना?

नाही. गाडी शेवटी टायर थांबवतो. ६.००-१६ चे अरुंद नायलॉन टायर ओल्या रस्त्यावर जेवढं धरतात तेवढंच धरणार. चांगल्या अ‍ॅडजस्ट केलेल्या ड्रमनेही चारही चाकं जाम होतात. डिस्कने पहिला ब्रेक ड्रमपेक्षा जोरात लागतो असं नाही, पण दहावा ब्रेकही पहिल्यासारखाच लागतो. हा फरक नीट कळला तर अर्धे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

३. माझे ड्रम लागतच नाहीत, म्हणूनच डिस्क हवी आहे. बरोबर ना?

बहुतेक वेळा चूक. मला येणाऱ्या दहा फोनपैकी निम्मे याच जातीचे असतात, आणि त्यांना मी आधी ड्रम उघडायला लावतो.

या ड्रमचे शू आपोआप अ‍ॅडजस्ट होत नाहीत. बॅकप्लेटच्या (ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या) मागे प्रत्येक शूसाठी एक एक्सेंट्रिक (फिरवला की शू पुढे ढकलणारा बोल्ट) आणि खाली शूचं टोक धरणारी अँकर पिन असते, ती हाताने फिरवावी लागते. कित्येक जीपमध्ये ती वर्षानुवर्षं गंजून बसलेली असते. पेडल दोनदा पंप केल्यावर वर येत असेल तर बहुधा हाच आजार.

दुसरं, नकलचा गोळा. त्याचं सील गेलं की आतलं ग्रीस-ऑइल झिरपत बॅकप्लेटवर येतं, हबचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) आतलं सील गेलं की तेच. दिंडोरीचा एक द्राक्षबागाईतदार पोरगा डिस्कची पूर्ण यादी घेऊन आला होता. त्याचा पुढचा डावा ड्रम काढला तर लायनर पुरणाच्या तव्यासारखा चोपडा. दोन सील, नवे लायनर आणि अ‍ॅडजस्टमेंट एवढ्यावर गाडी जागेवर आली. तो आजही ड्रमवरच आहे आणि सुखी आहे.

सील, नकलची बेअरिंग, व्हील बेअरिंग आणि स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आधी नीट करा. ते सोडून डिस्क बसवली तर तेल शूऐवजी पॅडवर येईल, एवढाच बदल. सपाटीवर, शेतात आणि गावात गाडी फिरवणाऱ्याने चांगल्या ड्रमवर थांबायला माझी काही हरकत नाही.

४. कुठल्या गाडीचे डिस्क-कॅलिपर बसतात?

तयार बसणारं काही नाही, सगळं जुळवून घ्यावं लागतं. जीपच्या चाकाला पाच बोल्ट, ५.५ इंच म्हणजे १३९.७ मिमी वर्तुळावर. मारुती जिप्सीचंही तेच, म्हणून लोक आधी तिकडे वळतात. तिचा कॅलिपर एका पिस्टनचा, सरकणारा, साधा आहे. पॅड आणि किट मिळायला त्रास नाही. बोलेरोचा सेट वापरणारेही आहेत.

नाव काहीही असो, घेण्याआधी चार मापं घ्या: डिस्कचं मधलं भोक, तिच्या टोपीची (मधल्या उंचावलेल्या भागाची) खोली, जाडी, आणि रिमच्या आत उरणारी जागा. मधलं भोक हबच्या खांद्यावर घट्ट बसेल असं लेथवर करून घ्या. डिस्क बोल्टवर नाही, त्या खांद्यावर मध्यात यायला हवी. बसवल्यावर डायल गेज लावून फिरवा, डगमग ०.१० मिमीच्या आत हवी.

भंगारातून कॅलिपर घेतला तर चालेल, पण पिस्टन बाहेर काढून पाहा. त्याच्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील चार महिनेही टिकणार नाही. डिस्क मात्र नवीनच घ्या.

५. कॅलिपर धरणारं ब्रॅकेट कुठे करून घ्यायचं?

या बाबतीत नाशिककर नशीबवान. अंबड आणि सातपूर एमआयडीसीत लेझर कटिंगची इतकी दुकानं आहेत की ड्रॉइंग नेलं तर दोन प्लेटचंही काम होतं.

जुन्या जीपची बॅकप्लेट आणि स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) एकाच सहा बोल्टांवर नकलला धरलेले असतात. बॅकप्लेट निघाली की त्याच सहा भोकांवर ब्रॅकेट बसतं. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा, हबवर डिस्क चढवा, कॅलिपर डिस्कवर धरा आणि पुठ्ठ्यावर भोकं उमटवा. मग तोच नमुना ३ मिमी पत्र्यात कापून पुन्हा बसवून बघा. तो जुळला तरच खरी प्लेट. मी १२ मिमी जाडीची वापरली आहे. बॅकप्लेट पातळ होती आणि ब्रॅकेट जाड, त्यामुळे स्पिंडल तेवढा बाहेर सरकतो. ते टाळायचं तर सहा भोकांपाशी प्लेट फेस करून पातळ करावी, किंवा ब्रॅकेट स्पिंडलच्या फ्लँजवरून बाहेरच्या अंगाने बसवावं. हे न करता नुसते लांब बोल्ट घातलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. आतला अ‍ॅक्सल शाफ्ट तेवढा कमी पडतो, आणि पुढचा ड्राइव्ह टाकला की टोकाच्या ड्राइव्ह फ्लँजचे दात अर्ध्या पकडीवर चालतात.

बोल्ट १०.९ ग्रेडचे, नवीन. वेल्डिंग करून तुकडे जोडलेलं ब्रॅकेट मी कुणाला बसवू देत नाही, मिस्त्री कितीही जुना असला तरी.

६. हबवरून ड्रम निघत नाही. घण घालू का?

नको. चाकाचे बोल्ट हबमध्ये दाबून, त्यांची कड फुलवून बसवलेले असतात. आधी ती फुललेली कड कापून काढा आणि मग प्रेसवर बोल्ट बाहेर काढा. ठोकून काढले तर भोक मोठं होतं, नवा बोल्ट त्यात गरगर फिरतो आणि हब गेला.

७. डाव्या चाकाचे नट ढिलेच होत नाहीत. एक बोल्ट तर तुटला.

उलटे आटे. जुन्या जीपना डाव्या बाजूला उलट्या आट्यांचे नट असतात, तुम्ही सोडवताना आवळत होता. नवे बोल्ट घालताना दोन्हीकडे सरळ आट्यांचे घालून घ्या, पंक्चरवाल्याचे आशीर्वाद मिळतील.

८. मूळचा मास्टर सिलेंडर चालेल का?

मास्टर म्हणजे पेडलचा जोर तेलाच्या दाबात बदलून चाकांकडे पाठवणारा सिलेंडर. पेडल दाबलं की डिस्क धरेल, म्हणून लोक "चालतो" म्हणतात. मी नाही म्हणतो, आणि कारण डिस्कचं नाहीच.

मूळचा मास्टर फळीखाली, एकाच सर्किटचा. एक नळी फुटली, एका व्हील सिलेंडरचं (चाकातल्या, शू ढकलणाऱ्या) रबर गेलं की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. टँडम मास्टरला दोन कप्पे असतात, पुढच्या आणि मागच्या चाकांचं तेल वेगळं. एक फुटलं तरी दुसरं उरतं. पैसे एकाच कामापुरते असतील तर डिस्क राहू द्या, आधी टँडम मास्टर बसवा. हे वाक्य मी प्रत्येकाला सांगतो आणि ते कुणालाच आवडत नाही, कारण मास्टर फळीखाली कुणाला दिसत नाही आणि डिस्क चाकातून चमकते.

शिवाय पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागे तेल भरत जातं. जुन्या मास्टरची टाकी त्या मानाने लहान, पातळी हळूहळू उतरते आणि फळीचं झाकण उघडून बघायचं कोण? नवा मास्टर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) घेणार नसाल तर निदान तेलाची डबी बॉनेटखाली आणा.

९. मास्टरचा बोअर (आतला व्यास) किती घ्यायचा?

हिशोब असा. पायाने ३० किलो जोर दिला आणि पेडलचं गुणोत्तर ६:१ असेल तर दांड्यावर १८० किलो येतात. १ इंच बोअरचं क्षेत्रफळ साधारण ५.०७ चौरस सेंमी, म्हणजे दाब ३५.५ किलो प्रति चौरस सेंमी. ७/८ इंच बोअरला क्षेत्रफळ ३.८८, दाब ४६ च्या वर. तेवढ्याच पायात ३० टक्के जास्त दाब. पण फुकट काही नाही: पेडलचा प्रवासही ३० टक्क्यांनी वाढतो.

बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) नसेल तर लहान बोअर आणि ६:१ च्या आसपास पेडल. बूस्टर असेल तर १ इंच आणि ४:१ च्या जवळचं पेडल. जास्त जोर मिळावा म्हणून मोठा मास्टर घालणारे बरेच भेटतात, त्यांचं पेडल दगडासारखं होतं आणि गाडी थांबत नाही.

१०. रेसिड्युअल व्हॉल्व्ह म्हणजे काय? मिस्त्री म्हणतो काही गरज नाही.

सगळ्यात जास्त गाड्या इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर.

ड्रम ब्रेकमध्ये स्प्रिंगा शूंना मागे ओढतात. पाय काढल्यावर नळीत थोडासा दाब, साधारण १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), अडवून ठेवला की व्हील सिलेंडरची रबरं पसरलेली राहतात, हवा आत घुसत नाही आणि शू फार मागे जात नाहीत. हे काम मास्टरच्या तोंडाशी असलेला छोटा व्हॉल्व्ह करतो. जुन्या जीपच्या मास्टरमध्ये तो असतोच.

डिस्कला परत ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टन मागे येतो तो फक्त चौकोनी सीलच्या पिळामुळे, केसभर. मागे १० पीएसआय अडून राहिले तर पॅड डिस्कला घासतच राहतात. गाडी तापते, पॅड संपतात, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि मालक म्हणतो डिस्कच वाईट.

दुसरी बाजूही आहे. मास्टर फळीखालीच राहिला तर तो कॅलिपरपेक्षा खाली येऊ शकतो. मग रात्रभरात तेल उतरून मास्टरकडे येतं आणि सकाळी पहिलं पेडल पोकळ जातं. अशा वेळी पुढच्या नळीत २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावतात. तेवढा दाब पॅड घासायला पुरत नाही, पण तेल धरून ठेवतो.

म्हणजे मागच्या ड्रमला १०. पुढच्या डिस्कला मास्टर वर असेल तर काही नाही, खाली असेल तर २. टँडम मास्टर कुठल्या गाडीचा आहे ते विचारून घ्या. चारही ड्रमच्या गाडीचा असेल तर दोन्ही तोंडांत १० चा व्हॉल्व्ह असण्याची शक्यता मोठी, पुढच्या तोंडातला काढावा लागेल.

११. बूस्टर लागतोच का?

हलक्या पेट्रोल जीपला प्रश्न ९ चा हिशोब जमवला तर नाही लागत. माझ्या गाडीला नाही. सुरुवातीला पाय जड वाटतो, आठवड्यात सवय होते.

इंजिन बदललेलं असेल, जसं प्यूजो डिझेल किंवा ट्रॅक्टरचं, तर पुढच्या एक्सलवर वजन वाढलेलं असतं आणि बूस्टर बरा. पण डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळत नाही. वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुतेकदा अल्टरनेटरच्या मागे बसणारा. पंपाशिवाय नुसता बूस्टर लावलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. मालकाला वाटत होतं बूस्टर "हळूहळू सेट होईल".

१२. मग मागेही डिस्कच बसवू का? आणि हँडब्रेकचं काय?

मागे ड्रमच ठेवा. ब्रेक लागताना गाडी पुढे झुकते, वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात. आखूड जीपची मागची चाकं आधीच लवकर जाम होतात, आणि मागची चाकं घसरली की गाडी गरकन फिरते.

म्हणूनच पुढे डिस्क झाली की मागच्या नळीत हाताने फिरवायचा, मागचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घालतात. ड्रम स्वतःच्या फिरण्याने शूला आणखी ओढून घेतो, डिस्कमध्ये तसं काही नाही, त्यामुळे सारख्या दाबाला मागचं आधी धरण्याचा धोका राहतो. मोकळ्या ओल्या रस्त्यावर, कुणीतरी बाहेर उभं राहून बघत, व्हॉल्व्ह असा लावा की पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी जाम होतील.

सीजे-३बीचा हँडब्रेक चाकांवर नाहीच. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवरच्या छोट्या ड्रमवर आहे, पुढच्या कामाने त्याला धक्काही लागत नाही. तो चालत्या गाडीत खचकन ओढू नका, सगळा मार जॉइंटवर येतो. (सावळघाटात मी ओढला नव्हता, नुसता हात ठेवला होता.)

१३. माझे रिम बसतील का?

१६ इंचीमध्ये बहुधा बसतात, १५ इंचीमध्ये कॅलिपर घासण्याची शक्यता जास्त. कॅलिपरवर मातीची छोटी गोळी चिकटवा, चाक चढवून हाताने फिरवा आणि गोळी किती चेपली ते बघा. ३ मिमीपेक्षा कमी उरत असेल तर दुसरं रिम शोधा. स्पेसरने (हब आणि रिममध्ये घालायच्या चकतीने) वेळ मारून नेऊ नका.

१४. ब्रेकच्या नळ्या तांब्याच्या टाकल्या तर चालतील?

साधं तांबं नको, कंपनांनी कडक होऊन तडकतं. स्टीलची ब्रेक पाइप किंवा तांबं-निकेलची घ्या, टोकं डबल फ्लेअर (दुहेरी दुमडून फुलवलेली). एसी-फ्रिजवाल्याचा सिंगल फ्लेअर ब्रेकला चालत नाही.

रबरी होज मापताना गाडी जॅकवर घ्या, पाटे पूर्ण लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. तेवढ्यात कुठे ताण नको आणि टायरलाही लागायला नको. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा वॉशर येतो, नवा.

१५. एक लिटर तेल घातलं तरी हवा निघत नाही. पेडल स्पंजसारखंच!

ब्लीडर निपल (हवा काढायची तोटी) कुठे आहे ते आधी बघा. वरच्या टोकाला हवा. खाली असेल तर डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला आहे. हवा वर जाऊन बसते, खालून नुसतं तेल निघतं, जन्मभर पंप मारा.

हे मी अनुभवातून सांगतो. पहिल्या वेळी रात्री नऊ ते एक आम्ही तिघं "दाब, धर, सोड" करत होतो. डबा संपला, बायको चहा देऊन झोपायला गेली. शेवटी शेजारचा बारावीतला मुलगा टॉर्च धरून कंटाळला होता, तो म्हणाला, "काका, बुडबुडा वर जातो ना? मग भोक खाली कशाला ठेवलंय?" तिघांपैकी कुणीही पंधरा मिनिटं तोंड उघडलं नाही.

क्रम: मास्टरपासून लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. टँडम मास्टर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्याची हवा टेबलावरच काढा. मागचे शूही आधी अ‍ॅडजस्ट करा, कारण ढिल्या शूंचं पोकळ पेडल आणि हवेचं पेडल पायाला सारखंच लागतं.

१६. ब्रेक ऑइल कुठलं?

डॉट ३ किंवा डॉट ४. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. पाणी शोषलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. आपल्या पावसाळ्यात ते पाणी शोषतंच, म्हणून दोन वर्षांनी बदला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या दोघांत मिसळू नका.

१७. पाच-सहा किलोमीटर गेलं की पुढची चाकं तापतात, गाडी जड होते.

ब्रेक सुटत नाही. आधी प्रश्न १० वाचा. तो व्हॉल्व्ह ठीक असेल तर गाडी तशीच अडकलेली असताना जॅक लावा आणि असं शोधा.

कॅलिपरचा ब्लीडर किंचित उघडा. तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं तर दाब मागून येतोय. पुन्हा चाक अडकेपर्यंत गाडी चालवा आणि या वेळी मास्टरपाशी नळी ढिली करा. चाक सुटलं तर दोष मास्टरचा: बहुतेक वेळा पेडलला मोकळी चाल ठेवलेली नसते. साधारण १२ मिमी हवी. ती नसली तर मास्टरमधलं बारीक परतीचं भोक बंदच राहतं, तापून फुगलेल्या तेलाला परतायला जागा मिळत नाही, आणि ब्रेक आपोआप लागत जातो. मास्टरपाशी ढिलं करूनही सुटलं नाही तर वाटेत अडथळा, जुना होज आतून सुजलेला असतो.

ब्लीडर उघडूनही चाक अडकलेलंच असेल तर दोष कॅलिपरचा, सरकणाऱ्या पिना सुकल्या किंवा पिस्टन गंजला. पिनांना ब्रेकचंच खास ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

१८. ब्रेक दाबला की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं किंवा थरथरतं.

ओढत असेल तर आधी त्या बाजूचा नाही, उलट बाजूचा कॅलिपर तपासा. तो धरत नसतो म्हणून गाडी दुसरीकडे जाते. पॅडला तेल लागलंय का तेही बघा.

थरथर असेल तर डिस्कची डगमग (प्रश्न ४) किंवा व्हील बेअरिंग ढिलं. शॅकलचे बुश, यू-बोल्ट आणि टाय रॉडही तपासा. झिजलेला पुढचा भाग ड्रमचा हळुवार ब्रेक सहन करतो, डिस्क पहिल्या दिवशी त्याची चुगली करते.

१९. बाकी सगळं छान, पण मागचा ब्रेकचा दिवा लागत नाही.

जुना स्विच मास्टरवर, तेलाच्या दाबाने चालणारा होता. तो जुन्या मास्टरबरोबर गेला. पेडलवर साधा यांत्रिक स्विच लावा. बाकी कुठल्याही कामाआधी हे करा, मागच्या ट्रकवाल्याला तुमची डिस्क दिसत नाही.

२०. आरटीओत काही लागतं का?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. "ब्रेक सुधारले तर कोण काय म्हणणार" या भरवशावर राहू नका. काम सुरू करण्याआधी पेठ रोडच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा, पोच घ्या, आणि विमा कंपनीलाही कळवा. ब्रॅकेटचं ड्रॉइंग, बिलं आणि आधी-नंतरचे फोटो एका फायलीत ठेवा. दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना ती फाइल कामाला येते.

२१. गाडी ५० वर्षांवरची आहे. व्हिंटेज नंबर घ्यायचाय, तरी डिस्क बसवू?

थांबा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. त्या नंबरावर रोजचा वापर करता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणायची. म्हणजे गाडी सावळघाटात तापायला जाणारच नाही. अशा गाडीचे मूळ ९ इंची ड्रम नव्यासारखे करून ठेवणं जास्त शहाणपणाचं.

अमेरिकेत खुद्द जीप सीजेलाही पुढची डिस्क १९७७ च्या मॉडेलपासून मिळू लागली, तीही पर्याय म्हणून. १९६८ च्या गाडीवर ती दिसली की जाणकार परीक्षक गुण कापतो, आणि बरोबरच करतो.

२२. माझी महिंद्रा एमएम ५४० आहे, मित्राकडे देवळालीच्या लिलावातली लष्करी जोंगा आहे. हेच ब्रॅकेट चालेल?

नाही. जोंगाचं घराणंच वेगळं, ती निसानच्या ‘पॅट्रोल’ नावाच्या गाडीवरून जबलपूरला बनलेली, एक्सल आणि वजन दोन्ही निराळं. एमएम ५४० चं मास्टर, बोअर आणि व्हॉल्व्हचं तत्त्व (८ ते १०) तेच, ब्रॅकेट मात्र तुमच्या नकलवर पुठ्ठा लावूनच काढा. एखाद्याचं ड्रॉइंग मागून आणून कापलेली प्लेट शेवटी वजनकाट्यावरच जाते.

२३. खर्च किती येतो?

आकडा लिहिला तर सहा महिन्यांत शिळा होतो आणि मग लोक मलाच ऐकवतात. क्रम सांगतो: सगळ्यात जास्त पैसे डिस्क-कॅलिपरला जात नाहीत, ते जातात प्रश्न ३ मधल्या सील-बेअरिंगला आणि टँडम मास्टरला. लेझर कटिंग सगळ्यात स्वस्त. वेळ धरा चार रविवार, मिस्त्री एक म्हणेल.

२४. काम झालं. लगेच सप्तशृंगीला जाऊ?

आधी पॅड बसवून घ्या. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ४० वरून १० पर्यंत हळू ब्रेक, मध्ये थोडं मोकळं चालवून गार होऊ द्यायचं, असं दहा-बारा वेळा. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका, तापल्या डिस्कवर पॅडचा डाग उमटतो. घरी आल्यावर चारही हबजवळ हात न्या, एक चाक इतरांपेक्षा वेगळं गरम लागलं तर प्रश्न १७. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बोल्टला पाना लावा आणि सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर गाडी उभी ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर गडावर जा.

२५. मागे द्राक्षाच्या क्रेटची ट्रॉली ओढतो. आता ब्रेक पुरेल ना?

ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर ती उतारावर जीपला मागून ढकलतच राहणार, पुढे डिस्क असो वा ड्रम. ट्रॉलीला ब्रेक बसवा, नाहीतर दोन फेऱ्या करा.

२६. काढलेले ड्रम, बॅकप्लेट भंगारात देऊ?

देऊ नका. माझे दोन्ही ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर आहेत, उलट्या आट्यांच्या पाच नटांसकट.